छत गळतंय, पण नक्की कुठून?

आमच्या बाहा टीमचा बंद ट्रेलर वर्कशॉपच्या मागे उभा असतो, तो सगळ्यांनी पाहिला असेलच. गाडी, टूल बॉक्स, वेल्डिंग मशीन, सगळा संसार त्यातच! पावसाळ्यात अशा ट्रेलरचं छत गळायला लागलं की पहिला बळी जातो तळाच्या प्लायवूडचा. ते वरून ठीक दिसतं, पण आतून भुसभुशीत होतं. आणि गाडी बांधायचे हूक त्याच प्लायवूडमध्ये बसवलेले असतात! घाटात एखादा हूक उपटला तर काय होईल, ते सांगायला नको.

आजवर प्रत्येक बॅचने या छतावर हाताला लागेल ते फासलंय. डांबर झालं, सिलिकॉन झालं, एपॉक्सीची पुटी झाली. तरी गळतंच. असं का होतं, ते बघू.

छताचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि खालची फ्रेम स्टीलची. रात्री २० अंश आणि भर उन्हात ६० अंश धरलं, तर ४ मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण ३.७ मिमी वाढतो, आणि तेवढंच स्टील १.९ मिमी. म्हणजे जोड रोज जवळपास दोन मिमी मागेपुढे सरकतो. कडक एपॉक्सी तिथे तडकणारच. डांबर उन्हात मऊ होतं, थंडीत कडक होऊन फुटतं.

दुसरं कारण फ्लुइड मेकॅनिक्सचं. ट्रेलर ताशी ६० किमीने ओढला की समोरच्या कडेवर वाऱ्याचा दाब सुमारे १६७ पास्कल येतो, म्हणजे १७ मिमी पाण्याचा स्तंभ. त्यामुळे उभ्या ट्रेलरमध्ये न गळणारा पुढचा जोड हायवेवर मात्र गळतो. शिवाय एकमेकांवर घट्ट बसलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत केशाकर्षणाने पाणी वर चढतं, ते वेगळंच.

आता उपाय. आधी खात्री करा की ही गळतीच आहे. पाऊस नसतानाही पहाटे छताला आतून सगळीकडे थेंब दिसले, तर तो आतल्या दमट हवेचा घाम आहे. तिथे सीलंट नको, व्हेंट हवा.

गळतीच असेल, तर थेंब पडतो ती जागा बघून फसू नका. पाणी फ्रेमच्या पाइपवरून वाहत जाऊन कुठेतरी लांब टपकतं. एकाने टॉर्च आणि खडू घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावं. सुरुवात खालच्या जोडापासून, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, मग हळूहळू वर. आधीच वरून पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

जागा सापडली की जुना थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीही नीट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं होऊ द्या. व्हेंट किंवा दिव्याची पट्टी काढून तिच्याखाली ब्युटाइल टेप घाला. भोक सैल झालं असेल तर एक साइझ जाड स्क्रू वापरा, रबरी वॉशरसकट. वॉशर बाहेर फुगेपर्यंत मात्र आवळू नका.

जोडावर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट गनने भरा. हे लवचिक राहतात, जोडाबरोबर ताणले जातात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्यातलं ॲसिड धातूला लागतं. कडेच्या पट्टीची फक्त वरची बाजू बंद करा, खालची मोकळी ठेवा. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. मग दोन दिवस हात न लावता वाळू द्या आणि पुन्हा नळीची परीक्षा घ्या.

एक मात्र कटाक्षाने पाळा, पातळ पत्र्यावर उभं राहायचं नाही. शिडी लावा, नाहीतर फ्रेमच्या आडव्या पाइपांवर फळी टाका. त्याआधी चाकांना ओट लावा आणि ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांना टेकू द्या.

हॉस्टेलच्या सायकल स्टँडच्या पत्र्यांनाही हाच हिशोब लागू आहे. तिथे बहुतेक वेळा दोषी असतो तो स्क्रूखालचा कडक झालेला वॉशर. तो बदलायला फार खर्च येत नाही. फक्त हे काम मे महिन्यातच उरकायला हवं. जूनमध्ये ओल्या पत्र्यावर बहुतेक सीलंट नीट धरत नाहीत, आणि तोवर आपल्या सबमिशनचीही वेळ झालेली असते!