सेनापती तीन फुटांवरून ओळखू यावा

देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की एक चित्र पुन्हापुन्हा समोरून जातं. कधी रिक्षाच्या मागे, कधी टेम्पोच्या, कधी चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसच्या काचेवर. जिरेटोप, धारदार नाक, दाढी. एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा. आत डोळा नाही, रंग नाही, एकही दागिना नाही. तरीही भरधाव गाडीवरचे महाराज लहान पोरालासुद्धा ओळखू येतात. खाली नाव लिहावं लागत नाही.

सेनापतीची छोटी प्रतिमा घडवणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. सध्या विज्ञानकथेवर बेतलेल्या युद्धखेळांतले प्लॅस्टिकचे सेनापती आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या कपाटांतही दिसू लागले आहेत. त्यांची पारख करतानाही हाच धडा कामी येतो.

या खेळांतला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ मध्ये आणला. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, पट्टीने इंच मोजून त्या सरकवायच्या आणि गोळी लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं. सैनिक तीन-चार सेंटिमीटर उंचीचे, सुट्या भागांत येणारे. ते आपणच कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या खेळाडूचा डोळा त्यांच्यापासून तीन-चार फुटांवर असतो. एवढ्या अंतरावरून हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान डोक्यावरचे भाव काय दिसणार! दिसतो तो फक्त आकार.

म्हणून या मूर्तींमध्ये डोकं, हात आणि शस्त्रं मुद्दाम मोठी केलेली असतात. खेळाडू त्याला ‘हिरोइक स्केल’ म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. दिवाळीतल्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि भालेवाला मावळा बुरुजाच्या बरोबरीचा. त्यावर आजवर कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मोठा तो महत्त्वाचा, हे पोरांना उपजतच कळतं.

खऱ्या लष्कराचा कायदा मात्र नेमका उलटा. देहूरोड हे छावणीचं गाव. ऑर्डनन्स डेपो, दारूगोळ्याचा कारखाना, जवानांची ये-जा रोजची. लढाईच्या गणवेशात अधिकारी दुरून वेगळा दिसू नये अशीच काळजी घेतात, कारण तो ओळखू आला की नेमबाजाचं काम सोपं होतं. १८०५ मध्ये ट्रफाल्गरला नेल्सन छातीवर मानचिन्हं लावून डेकवर वावरत होता. फ्रेंच जहाजावरून आलेल्या गोळीने तो कोसळला. दुसरी बाजू आपल्या पानिपतावर दिसते. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून भाऊही गेले असं सैन्याला वाटलं आणि धीर सुटला, असं सांगितलं जातं. सेनापती दिसला तरी धोका, न दिसला तरी धोका. टेबलावर गोळी लागून कुणी मरत नाही, त्यामुळे तिथला सेनापती बिनधास्त अंबारीत बसू शकतो. कारागिराने ही मोकळीक पुरेपूर घ्यायला हवी.

ती कशी घेतात, हे दोन नमुन्यांवरून पाहू.

पहिला ‘स्पेस मरीन’ फौजेचा कॅप्टन. खांद्यावरून लोंबणारा झगा, डोक्यामागे लोखंडी प्रभावळ, हातात भलीमोठी तलवार आणि बहुतेक वेळा शिरस्त्राण काढलेलं. तोफगोळे कोसळत असताना डोकं उघडं ठेवणारा सेनापती कोणत्याही छावणीत कोर्ट मार्शलला पात्र ठरेल. पण झगा आणि प्रभावळ मिळून आकृती अशी उठते की डझनभर सैनिकांच्या गर्दीत तो पटकन सापडतो. तक्रार आहे ती ठरीव साच्याची. एक पाय दगडावर ठेवून उभं राहण्याची या सरदारांना एवढी सवय, की खेळाडू त्या दगडाला थट्टेने ‘टॅक्टिकल रॉक’ म्हणतात. पाच कॅप्टन शेजारी ठेवले तर पाच जण फोटो काढायला थांबल्यासारखे वाटतात.

दुसरा ‘टाऊ’ या परग्रहवासी फौजेचा कमांडर. ही फौज २००१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या कमांडरचा प्लॅस्टिक संच २०१५ मध्ये. त्यातून ‘एन्फोर्सर’ किंवा ‘कोल्डस्टार’ असं एक रूप जोडता येतं. यंत्रकवचात बसलेला हा सेनानी जपानी कार्टूनमधल्या रोबोंच्या घराण्यातला आहे. सपाट, स्वच्छ कवचं, रुंद खांदे, पाठीवर उड्डाणयंत्र आणि त्या मानाने इवलंसं डोकं. घडण म्हणून तो मला कॅप्टनपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात फापटपसारा नाही. पण त्याच्या हाताखालचे ‘क्रायसिस’ कवचवालेही याच वळणाचे. हा थोडा उंच, थोडा भारदस्त, इतकाच फरक. मग वेगळा रंग देऊन त्याला उठाव आणायचं काम खेळाडूच्या गळ्यात पडतं. स्वच्छ घडणीला पैकीच्या पैकी, सेनापती म्हणून जेमतेम पास.

टाऊ कमांडरची ही स्वच्छता केवळ सौंदर्यदृष्टीतून आलेली नसावी. भोसरी एमआयडीसीतल्या कोणत्याही टूलरूममध्ये हा संच दाखवला, तर तिथला कारागीर चेहऱ्याआधी पार्टिंग लाईन, म्हणजे मोल्डचे दोन भाग मिळतात तिथली रेघ, बघेल. स्टीलचा मोल्ड दोन भागांचा असतो. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत जातं, थंड होतं, मोल्ड सरळ एका दिशेने उघडतो आणि इजेक्टर पिना भाग बाहेर ढकलतात. त्या वाटेत आडवं येणारं काहीही अडकतं, तोच अंडरकट. गाडीच्या भागासाठी मोल्डमध्ये स्लाइडर, म्हणजे बाजूला सरकणारा तुकडा, घालून यातून सुटता येतं. पण मोल्डचा खर्च वाढतो, आणि पंचवीस-तीस इवले भाग एका सपाट चौकटीत बसवताना तेवढी जागाही नसते. म्हणून छातीसमोर बंदूक धरलेला हात वेगळा, डोकं वेगळं, झगा वेगळा. कवचाच्या सपाट पत्र्यांना ड्राफ्ट, म्हणजे भाग सहज सुटावा म्हणून ठेवलेला किंचित उतार, देणं सोपं. दाढीच्या बटा आणि साखळ्यांना कठीण.

खरं कसब दिसतं ते भाग कुठे तोडला यात. चांगल्या संचात सांधा कवचाच्या खाचेत किंवा कमरपट्ट्याखाली लपतो. झग्याच्या आतल्या बाजूला पिनांचे गोल ठसे असतात, जोडल्यावर ते दिसत नाहीत. वाईट संचात पार्टिंग लाईन नेमकी कानशिलावरून गालापर्यंत उतरते. ती पात्याने खरवडताना कानच जातो. जाड भागात प्लॅस्टिक आकसून खळगा पडतो, म्हणून मोठं धड पोकळ करून दोन फाकांत देतात. पूर्वी हे सेनापती शिशा-कथिलाच्या मिश्रधातूचे असत. ते रबराच्या साच्यात ओतत. रबर वाकतं, त्यामुळे आडवेतिडवे आकार सुटून येत, पण मूर्ती जड आणि सांधे कच्चे. पॉलिस्टायरीनचा गोंद मात्र पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो.

आता घरगुती रेझिन प्रिंटर आले. त्यांना दोन भागांच्या मोल्डचं बंधन नाही, त्यामुळे कवचावर कवट्या, कवट्यांवर साखळ्या, साखळ्यांवर कुलपं असा मारा सुरू झाला आहे. असा सेनापती स्क्रीनवर मोठा करून पाहिला की डोळे दिपतात. टेबलावर ठेवला की करडा गोळा. बंधन असलेलंच बरं होतं, असं वाटायला लावणारा हा प्रकार आहे.

पहिल्यांदाच असा संच घेणार असाल तर एक सोपी परीक्षा करा. जोडलेल्या मूर्तीवर रंग चढवण्याआधी काळा फवारा मारा, ती इतर सैनिकांबरोबर खिडकीत उजेडाच्या विरुद्ध ठेवा आणि तीन फूट मागे या. सेनापती कोणता हे घरातल्या खेळ न कळणाऱ्या माणसाला विचारा. त्याने बोट बरोबर ठेवलं तर घडण जमली.

आणि एक विनंती भोसरी-चाकणच्या टूलरूमवाल्यांना. प्लॅस्टिकचे छोटे योद्धे आपल्या देशात कधी बनलेच नाहीत असं नाही. फनस्कूलने गोव्याच्या कारखान्यात ‘जी.आय. जो’चे पावणेचार इंची सैनिक काढले होते आणि परदेशातले संग्राहक त्यांचे वेगळे रंग आजही शोधत असतात. दर दिवाळीला घरोघरी किल्ले होतात, आणि त्यांवर नाक झिजलेले, भाल्याच्या जागी तार खुपसलेले मावळे उभे राहतात. हेडलाइटच्या काचेचा मोल्ड मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवणाऱ्या पट्ट्याला पॉलिस्टायरीनचा, जोडून रंगवता येईल असा एक देखणा मावळा जड जाऊ नये. बाजीप्रभू आणि तानाजी ढालीशिवायही वेगळे ओळखू आले पाहिजेत, एवढीच अट. येत्या दिवाळीआधी कुणीतरी हे मनावर घ्यावं.