आधी माल, मग पैसे!

शनिवारची रात्र, जरीपटक्यातली माझी रूम, हातात कॉफी... आणि स्क्रीनवर पुन्हा तेच, 'अर्ली अ‍ॅक्सेस'! पैसे भरून तीन वर्षं झाली राव, अजून अर्धा नकाशा रिकामाच. मी एकटाच फसलोय असं नाही म्हणा. 'स्टार सिटिझन'साठी 2012 मध्ये लोकवर्गणी सुरू झाली, वायदा 2014चा; 2025 उजाडलं तरी गेम चाचणीच्या अल्फा टप्प्यातच! उलट पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' बीटा चाचण्या आटोपून ऑक्टोबर 2024 मध्ये खरंच आला. खालचे दुकानवाले सिंधी काका माझं रडगाणं ऐकून हसले, "बेटा, पहले माल, फिर पैसा!" पटलं. तुम्हीही आज खेळता येईल तेवढ्याचेच पैसे मोजा, उद्याच्या वायद्याचे नाही.