एचटीएमएलमध्ये गुंफलेली सर्व्हर-आज्ञावली

संकेतपानाचा मजकूर व मांडणी एचटीएमएल या खूणभाषेत लिहून, त्याच धारिकेत ठिकठिकाणी सर्व्हरने पार पाडावयाच्या आज्ञा लिहिणे, ही गतिमान संकेतपाने तयार करण्याची एक प्रचलित पद्धत आहे. वाचकाने पान मागितले की सर्व्हर या आज्ञा क्रमाने पार पाडतो, प्रत्येक आज्ञेच्या जागी तिचे फलित ठेवतो आणि सिद्ध झालेले पान वाचकाच्या न्याहाळकाकडे पाठवतो. न्याहाळकापर्यंत केवळ एचटीएमएल पोहोचते. मूळ आज्ञा वाचकाला दिसत नाहीत. पीएचपी, मायक्रोसॉफ्टची एएसपी, जावावर आधारलेली जेएसपी आणि कोल्डफ्यूजन ही या पद्धतीची ठळक उदाहरणे होत. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालतो ती पीएचपी भाषेत लिहिलेली आहे.

स्वरूप

स्थिर पान हे छापील पत्रकासारखे असते. एकदा लिहिले की कोणीही, केव्हाही मागितले तरी तेच मिळते. पावस (जिल्हा रत्नागिरी) येथील एखाद्या आंबा बागायतदाराने हापूसच्या पेटीचा भाव असे पान करून दिला, तर भाव बदलेल त्या प्रत्येक दिवशी त्याला ते पान उघडून आकडा हाताने बदलावा लागेल. गतिमान पानात आकड्याची जागा तेवढी मोकळी ठेवलेली असते आणि पान मागितले जाते त्या क्षणी ती भरली जाते. पीएचपीमध्ये ही ओळ अशी लिहिता येते:

पावस येथील हापूस, एका पेटीचा भाव: रुपये <?= $भाव ?>

कोनकंस व प्रश्नचिन्ह यांच्या जोडीने आज्ञेचा आरंभ आणि तिच्या उलट जोडीने शेवट होतो. या दोन खुणांबाहेरचे सर्व काही सर्व्हर जसेच्या तसे पुढे पाठवतो. आतील बरोबरीचे चिन्ह म्हणजे ‘याची किंमत येथे छापा’ ही आज्ञा, आणि डॉलरचे चिन्ह लावलेला शब्द म्हणजे चल. चलाचे नाव देवनागरीत दिलेले येथे चालते, ही गोष्ट अनेक अनुभवी आज्ञावलीकारांनाही ठाऊक नसते. मात्र पीएचपीचे स्वतःचे आज्ञाशब्द इंग्रजीच आहेत. धारिकेच्या वरच्या भागात विदागारातून त्या दिवसाचा भाव काढून या चलात ठेवलेला असतो. विदागार म्हणजे माहितीचा पद्धतशीर साठा. बागायतदाराने तेथील एक आकडा बदलला की पुढे पान मागणाऱ्या प्रत्येकाला नवा भाव दिसतो.

इतिहास

गतिमान पाने याआधीही होती. १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय या संकेतानुसार सर्व्हर एखादी स्वतंत्र आज्ञावली चालवी आणि ती आज्ञावली संपूर्ण पान छापून देई. या आज्ञावल्या बहुधा पर्ल किंवा सी भाषेत असत. पानातील एक वाक्य बदलायचे तरी आज्ञावलीत हात घालावा लागे, कारण मजकूर आज्ञांच्या पोटात दडलेला असे. गुंफणीच्या पद्धतीने हा क्रम उलटा केला. मजकूर बाहेर आला आणि आज्ञा त्याच्या पोटात गेल्या. तिच्या लोकप्रियतेचे मर्म यातच आहे. ज्याला एचटीएमएल येते त्याने एक-दोन आज्ञा शिकाव्यात आणि कामाला लागावे, एवढे ते सोपे झाले.

ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या परिचयपत्राचे पान किती जणांनी पाहिले हे मोजण्यासाठी काही छोटी साधने लिहिली. जून १९९५ मध्ये त्यांनी ती ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने सर्वांसाठी खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमान्स यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला व १९९८ मध्ये पीएचपी ३ ही आवृत्ती निघाली. अलेअर बंधूंचे कोल्डफ्यूजन १९९५ चे, एएसपी १९९६ ची आणि जेएसपी १९९९ ची. त्यांपैकी पीएचपी विनामूल्य व मुक्तस्रोत असल्याने स्वस्तातल्या सर्व्हरांवरही सहज मिळू लागली.

मराठी विकिपीडिया आणि मीडियाविकी

जानेवारी २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो पर्लमधील यूजमॉडविकी या आज्ञावलीवर चालत असे व लेख साध्या धारिकांत साठवले जात. वाढता भार तिला पेलेना. कोलोन विद्यापीठातील जीवशास्त्राचे विद्यार्थी मॅग्नस मान्स्के यांनी विदागार वापरणारी पीएचपी आज्ञावली लिहिली व जानेवारी २००२ मध्ये ती लागू झाली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहून काढली. मीडियाविकी हे नाव तिला २००३ मध्ये मिळाले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशा रीतीने आरंभापासून पीएचपीवरच उभा आहे.

विकिपीडियावर साचे वापरणारा संपादकही नकळत हीच पद्धत वापरत असतो. दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहिले की पान तयार होताना त्या जागी साच्यातील मजकूर येतो. चालू दिनांक देणारे जादुई शब्दही असेच काम करतात. त्यांतील एक संच जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. त्यावर आधारलेला ‘आजचा’ मजकूर भारतात मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचनंतर बदलतो, आणि तोवर पावसच्या वाचकाला कालचाच दिवस दिसतो. स्थानिक वेळेसाठी निराळे शब्द आहेत. साचा लिहिणाऱ्याने त्यांची आठवण ठेवावी.

गुंफण सोपी असली तरी अती झाली की पान वाचवत नाही. मजकूर कोठे संपतो व आज्ञा कोठे सुरू होते हे लिहिणाऱ्यालाच उमगेनासे होते. म्हणून मोठ्या प्रकल्पांत आता हिशेबाच्या आज्ञा वेगळ्या धारिकांत आणि छापण्यापुरत्या आज्ञा पानात, अशी विभागणी करतात. विकिपीडियावरील अवघड साच्यांचे कामही २०१३ पासून लुआ भाषेतील विभागांकडे सोपवता येते.

सुरक्षितता

वाचकाने भरलेला मजकूर पानात जसाच्या तसा छापणे धोक्याचे असते. नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी आज्ञा लिहिली, तर ती पुढच्या वाचकाच्या न्याहाळकात चालू शकते. त्यामुळे छापण्यापूर्वी कोनकंसादी चिन्हे निष्प्रभ करून घ्यावी लागतात. विदागाराला प्रश्न विचारतानाही वाचकाचा मजकूर प्रश्नाच्या वाक्यात थेट जोडू नये, वेगळा पाठवावा.

मराठी मजकुराचे प्रश्न

पीएचपी मुळात अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तेथे हा भेद लपून राहिला. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पावस’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या दृष्टीने ती चार चिन्हे आहेत, कारण काना वेगळा मोजला जातो. आणि पीएचपीचे मूळचे लांबी-मापक उत्तर देते बारा. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो कोणते उत्तर कोठे वापरायचे हे न कळल्याने.

बातमीच्या मथळ्याची पहिली काही ‘अक्षरे’ दाखवणारे पान घ्या. आज्ञावली इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असेल, तर ‘रत्नागिरी’ हा शब्द दहाव्या बाइटवर तुटतो. र, त आणि हलन्त एवढे नऊ बाइट नीट येतात, पण ‘न’चा एकच बाइट उरतो आणि त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. मराठी संकेतस्थळांवर हे दृश्य परिचयाचे होते, आणि वाचक दोष फाँटला देत. उपाय म्हणून बहुबाइटी मजकुराची वेगळी कार्ये पीएचपीत आहेत. ती चिन्हे अखंड ठेवतात, परंतु मात्रा किंवा वेलांटी अक्षरापासून तोडू शकतात. पूर्ण अक्षर मोजणारी कार्ये पीएचपी ५.३ पासून एका पूरक संचात मिळतात. त्यांच्याही जुन्या नियमानुसार ‘त्ना’ हे जोडाक्षर ‘त्’ आणि ‘ना’ असे दोन ठिकाणी मोजले जाई, म्हणजे रत्नागिरीची अक्षरे पाच होत. शाळेतला मुलगा चार सांगेल. जोडाक्षर एकसंध मानणारा नियम युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला.

भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा मोठा प्रयत्न पीएचपी ६ या नावाने झाला होता. तो २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर त्या आवृत्तीवरची पुस्तकेही बाजारात आली होती! गोंधळ नको म्हणून ५ नंतरच्या मोठ्या आवृत्तीला थेट ७ हा क्रमांक देण्यात आला आणि ती डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

अंकांची अडचण याहून निराळी आहे. देवनागरी अंक पीएचपीच्या लेखी संख्या नव्हेत, केवळ मजकूर आहेत. पेट्यांच्या मागणीच्या रकान्यात ग्राहकाने ‘१२’ असे लिहिले, तर जुन्या आवृत्त्यांत त्याची किंमत शून्य धरली जाई. पीएचपी ७ ने इशारा देण्यास आरंभ केला आणि पीएचपी ८ मध्ये अशा बेरीज-गुणाकाराला त्रुटी दाखवून काम थांबते. शून्य पेट्यांची मागणी मुकाट्याने नोंदली जाण्यापेक्षा हे बरे. मीडियाविकीने यासाठी प्रत्येक भाषेच्या धारिकेत अंकांचे कोष्टक ठेवले आहे. मराठीच्या धारिकेतील कोष्टकानुसार आतील हिशेब आंतरराष्ट्रीय अंकांत होतो आणि वाचकापुढे देवनागरी अंक येतात. बागायतदाराच्या पानालाही असे छोटे कोष्टक पुरते: मजकूर आत घेताना देवनागरी अंक बदलून घ्यायचे आणि भाव छापताना पुन्हा देवनागरीत आणायचे.