झळ गावाला की घराला?

हवामान बदलाची झळ सर्वाधिक कुणाला बसेल, असं विचारलं की आपलं बोट कमी पावसाच्या तालुक्यांकडे जातं. पहिला गैरसमज इथेच आहे. पावसाचा खंड, गारपीट, अतिवृष्टी ही झाली संकटं. ती आल्यावर माणसांचं किती बिघडतं आणि ती किती लवकर सावरतात, ही असुरक्षितता. ‘टेरी’ या संशोधन संस्थेने महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत असुरक्षित ठरला नंदुरबार. तिथे सोलापूरपेक्षा पाऊस जास्त पडतो. पण २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात हाच जिल्हा तळाला होता. शाळा, दवाखाना, रस्ता, हाताशी चार पैसे यांतलं काहीच धड नसेल, तर पावसाचा एक मोठा खंडही घर मोडतो.

याच्या उलटा गैरसमजही आहे: असुरक्षिततेचा निर्देशांक कमी, म्हणजे आपण सुरक्षित. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा राज्यनिहाय अहवाल एप्रिल २०२१मध्ये आला. त्यात झारखंड, ओडिशा, आसाम, बिहार ही राज्यं वरच्या बाजूला होती आणि महाराष्ट्र यादीच्या शेवटाकडे. तीनच महिन्यांनी, २२ जुलैला, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. अहवाल चुकला नव्हता. त्यातले आकडे राज्यांची आपापसात तुलना करणारे होते आणि ते असुरक्षितता मोजत होते. डोंगराच्या कुशीत कोण राहतं, ही वेगळी मोजणी आहे. जोखीम समजायला दोन्ही लागतात.

जिल्ह्याची सरासरीही अशीच फसवते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तर त्याच साताऱ्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास.

पण मला सर्वांत घातक वाटतो तो समज वेगळाच आहे: एका गावातल्या सगळ्यांना झळ सारखीच बसते. तेहतीस टक्के किंवा जास्त पीक गेलं की पंचनामा होतो, मदत येते. पण ती ज्याच्या नावावर सातबारा त्याला. बटाईने किंवा ठोक्याने रान कसणाऱ्याचं बियाणं गेलं, खत गेलं, घाम गेला, तरी कागदावर त्याचं नुकसान शून्य. शेतमजुराची बुडालेली रोजी पंचनाम्यात बसतच नाही. नवरा गेल्यावरही जमीन सासऱ्याच्याच नावावर राहिली, तर त्या बाईला पीककर्ज कोण देणार? तेव्हा असुरक्षिततेच्या सर्वेक्षणात ‘जमीन किती’ एवढं विचारून भागत नाही. ‘नाव कुणाचं, कसतं कोण’ हेही विचारावं लागतं.

‘बागायतदार तरतो’ हेही अर्धंच खरं. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बाजरी गेली तर एक हंगाम जातो; बाग गेली तर नवं झाड फळाला येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात आणि बोअरसाठी काढलेलं कर्ज तसंच उरतं. म्हणून विहीर आहे की नाही, यापेक्षा मे महिन्यात तिला पाणी किती असतं, हा प्रश्न जास्त कामाचा.

असले प्रश्न गावकऱ्यांसोबत बसूनच सुचतात. ‘वॉटर’ या पुण्याच्या संस्थेने तर गावकऱ्यांना सोबत घेऊन असुरक्षितता तपासण्याची पद्धतच बांधली आहे. मात्र बैठक कधी घेता, यावरही उत्तर ठरतं. भरदुपारी पारावर बोलावलं तर बाया रानात असतात. बीडच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात. हिवाळ्यात माहिती गोळा करायला गेलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसतं आणि तो पुढच्या घराकडे वळतो. त्या घरांची नोंद हवी असेल, तर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, टोळ्या परतल्या की गावात पुन्हा जावं लागतं.