तिळा तिळा दार उघड!

अलीबाबाची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी वाचली आहे. त्या गुहेच्या कुलपात इंजिनिअरिंगच्या दृष्टीने एक मोठी खोट होती, ती म्हणजे परवलीचा शब्द रोज तोच! अलीबाबाने तो लपून एकदा ऐकला आणि चोरांचा खजिना गेला. गाडीच्या किल्लीतलं रिमोट, म्हणजेच की फॉब, ही खोट बरोब्बर टाळतं. तरीही कधीकधी दार उघडत नाही. होस्टेलवर स्वतःचा मल्टिमीटर बाळगणारा बहुधा मी एकटाच, त्यामुळे सरांच्या किल्ल्या अधूनमधून माझ्या टेबलावर येतात. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी थोडी थिअरी. (घाबरू नका, व्हायव्हाला विचारणार नाहीत.) बटण दाबलं की फॉबमधली आयसी जागी होते आणि एक कोड रेडिओ लहरींवर पाठवते. आपल्याकडचे बहुतेक फॉब ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झवर. गाडीतला रिसीव्हर कोड तपासतो आणि पटला तर दारातली छोटी मोटर खटका ओढते. दर दाबण्याला हा कोड बदलतो, म्हणून त्याला रोलिंग कोड म्हणतात. फॉबमध्ये एक काउंटर असतो, तसाच गाडीतही. कोणी आजचा कोड चोरून ऐकला तरी उद्या तो शिळा झालेला असतो.

आता खरा प्रश्न. दार उघडत नाही, तर बिघाड कुठे शोधायचा? बहुतेक जण थेट सेल बदलायला धावतात. पण साखळीत चार कड्या आहेत : फॉब, मधली हवा, गाडीतला रिसीव्हर आणि दाराची मोटर. मधोमध तोडून बघायचं, म्हणजे अर्धं काम एका चाचणीत होतं.

चाचणी पहिली : दुसरी किल्ली लावून बघा. ती चालली तर गाडी निर्दोष, दोष पहिल्या फॉबचा. दोन्ही चालत नसतील तर गाडीकडे वळा.

चाचणी दुसरी : फॉबमध्ये लपलेली साधी धातूची किल्ली काढा आणि दार हाताने उघडा. (अलार्म वाजला तर दचकू नका, गाडीने किल्ली ओळखून इग्निशन ऑन झालं की बहुधा थांबतो.) आत छताचा दिवा लागतो का? हॉर्न वाजतो का? दोन्ही मेलेले असतील तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. मग फॉबने कितीही हाका मारल्या तरी ऐकणारं कोणी जागंच नाही.

ही दुसरी चाचणी किती मोलाची, ते गेल्या पावसाळ्यात पाहिलं. रात्री एका मुलाला दम्याचा जोराचा अटॅक आला. रेक्टर सर गाडी काढायला धावले, पण रिमोटला गाडी दादच देईना. सर भिजत बटण दाबताहेत, कोणी सेल शोधायला मेसमध्ये पळतोय, कोणी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून आणतोय (तो या फॉबला बसतच नाही!). या गडबडीत वीस मिनिटं गेली. साध्या किल्लीने दार उघडलं तेव्हा कळलं, छताचा दिवासुद्धा लागत नाही. सुट्टीभर उभ्या गाडीची बॅटरीच उतरली होती. शेवटी मुलाला रिक्षाने नेलं. तो बरा झाला, पण ती वीस मिनिटं फार होती. दिवा आधी बघितला असता तर दोन मिनिटांत रिक्षा बोलावली असती.

गाडी ठीक असेल तर फॉब उघडा. कडेला खाच असते, तिथे हलक्या हाताने पट्टी घालायची. आत बहुधा सीआर२०३२ सेल असतो : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर२०२५ दिसायला तसाच पण जाडी २.५, त्यामुळे तो नीट टेकत नाही. मल्टिमीटर लावला की थकलेला सेलही ३ व्होल्ट दाखवतो, हा मोठा चकवा आहे. वय झालं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून ३३० ओहमचा रेझिस्टर क्षणभर लावून वाचन घ्या. झर्रकन खाली आलं तर सेल बदला.

सेल नवा असूनही ढिम्म? मग सेलच्या स्प्रिंगवरचा गंज, बटणाखालच्या स्विचचा सुटलेला सोल्डर, किंवा पडल्यामुळे तडकलेला रेझोनेटर बघा. टीव्हीचं रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्याने तपासतात ती युक्ती इथे चालत नाही. तिथे इन्फ्रारेड असतं, इथे रेडिओ लहरी. कॅमेऱ्याला काही दिसलं नाही म्हणून फॉब मेला असं समजू नका.

एक गंमत काउंटरची. लेक्चरला बसून खिशातलं बटण दाबत राहिलात तर फॉब पुढे जातो, गाडी मागे राहते. कीलॉक या प्रसिद्ध पद्धतीत गाडी साधारण १६ पावलांपर्यंतची तफावत आपणहून सांभाळून घेते. त्यापलीकडे गाडीच्या जवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबलं की जुळणी परत होते. काही गाड्यांत वेगळी रीत असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आणि सेल पूर्ण मेला तरी इंजिन सुरू होऊ शकतं! इमोबिलायझरची चिप वेगळी असते. तिला लागणारी ऊर्जा गाडीतल्या कॉइलमधून, बहुधा १२५ किलोहर्ट्झवर, मिळते. पुश बटणाच्या बऱ्याच गाड्यांत फॉब बटणाला टेकवून ब्रेक दाबला की काम होतं.

जाता जाता एक कळकळीची सूचना, विशेषतः क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांना. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजते. चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

बाकी अडलं तर खोलीवर या. मल्टिमीटर आपलाच आहे, चहा मात्र तुमचा!