आधी धूसर, मग स्पष्ट

नेट मंद असले की काही फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतात. काही मात्र लगेच अख्खे दिसतात, पण धूसर, आणि मग हळूहळू स्पष्ट होत जातात. फाइलमधली माहिती कोणत्या क्रमाने ठेवली आहे, यावर हे ठरते.

1992 साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचे 64 आकडे होतात. पहिला त्याची सरासरी छटा सांगतो, उरलेले 63 त्यातले बारकावे. साध्या जेपेगमध्ये एका चौकोनाचे सगळे आकडे संपले की पुढचा चौकोन सुरू होतो. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेगमध्ये आधी सगळ्या चौकोनांच्या सरासऱ्या येतात, मग फेरीफेरीने बारकावे. रांगोळीत आधी ठिपके, रंग शेवटी, तसे. पहिल्या फेरीतच फोटो कशाचा आहे याचा अंदाज येतो, आणि मोठ्या फोटोंची फाइल बहुधा थोडी लहानही होते. मात्र सगळे आकडे शेवटपर्यंत मेमरीत धरून ठेवावे लागतात, प्रोसेसरलाही काम जास्त पडते.

पीएनजी या दुसऱ्या फोटो-प्रकारातही 7 फेऱ्यांची सोय आहे, पण तिने फाइल बहुधा फुगते. वेबपी या प्रकारात असे टप्पे नाहीतच.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक विनंती: फोटो येण्याआधीच त्याच्या लांबी-रुंदीएवढी जागा राखून ठेवा. वाचता वाचता मजकूर खाली घसरला की धूसर फोटोपेक्षा जास्त चीड येते.