मोटारीचा श्वास कोठें गळतो?

मोटारीची ताकद वाढवावयाची तर तिचें एंजिन मोठें केलें पाहिजे, अशी पुष्कळ दिवस समजूत होती. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं दुसराच मार्ग सुचविला. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराबरोबर जो जोर वायां जातो, त्यावर एक लहान चक्र फिरवावें आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राकडून बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनांत भरावी, अशी ही युक्ति. हवा अधिक मिळाली कीं इंधन अधिक जाळतां येतें, आणि लहान एंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. ह्या साधनाला टर्बोचार्जर म्हणतात. आपले मिस्त्री त्याला नुसतें ‘टर्बो’ म्हणतात.

श्रोतेहो, आपल्या भागाला हें साधन आतां परकें राहिलेलें नाहीं. जालन्याहून छत्रपति संभाजीनगरकडे जातांना लागणाऱ्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत २००१ सालापासून स्कोडा मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. त्यांत टर्बो बसविलेल्या डीझेल मोटारीही होत्या. नाशिकच्या कारखान्यांत तयार होणारी स्कॉर्पिओ २००२ सालीं आली, तीही टर्बोचीच. आज तर पेट्रोलच्या लहान गाड्यांतही टर्बो आढळतो.

अशा मोटारीची एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गांवांत गाडी ठीक चालते. परंतु अंबड-घनसावंगीच्या रस्त्यावर उसानें भरलेली ट्रॉली ओलांडावयास जावें, तर ऐन वेळीं जोर मिळत नाहीं. समोरून वाहन येत असतां हा प्रकार जिवावर बेतण्यासारखा आहे. गाडी दुरुस्तीस नेली कीं पुष्कळदां ‘टर्बो गेला’ असें निदान होतें. नवा टर्बो म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक! म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, टर्बोला दोष देण्यापूर्वीं त्याच्या नळ्या तपासून घ्याव्या.

त्यासाठीं हवेचा मार्ग ध्यानीं घेतला पाहिजे. बाहेरची हवा प्रथम गाळणींतून, म्हणजे एअर फिल्टरमधून जाते. तेथून टर्बोकडे येते. टर्बोंत दाबली गेल्यानें ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड कसें तापतें, हें सर्वांस ठाऊक आहे; तोच हा न्याय. तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून नेऊन थंड करतात व मग एंजिनांत सोडतात. हे सर्व टप्पे रबरी नळ्यांनीं जोडलेले असतात. एंजिनची धग, तेलाचा ओलावा आणि रस्त्याचे हादरे ह्यांमुळें रबर फुगतें, मऊ पडतें किंवा चिरतें, आणि पकड देणाऱ्या क्लिपा ढिल्या होतात.

गळतीचे दोन प्रकार आहेत. टर्बोच्या पुढची नळी फाटली, तर दाबलेली हवा निसटते व जोर कमी होतो. टर्बोच्या मागची, म्हणजे गाळणीकडची नळी फाटली, तर मात्र न गाळलेली धूळ आंत ओढली जाते. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या चक्राच्या पात्यांवर ती धूळ आदळूं लागली, म्हणजे चांगला टर्बोही झिजून जातो. पहिली गळती आज त्रास देते. दुसरी उद्यांचा मोठा खर्च गुपचूप ओढवून घेते.

लक्षणें ओळखण्यास विशेष विद्या लागत नाहीं. चढावर शिट्टीसारखा किंवा फुसफुस असा आवाज येतो, इंधन अधिक लागतें, डीझेलच्या गाडींतून काळा धूर निघतो. मात्र एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या डीझेल गाड्यांत काजळीची गाळणी असल्यानें धूर दिसेलच असें नाहीं. ती गाळणीच लवकर भरूं लागते. गाडीच्या संगणकास यंत्र जोडल्यावर ‘पी ०२९९’ ही खूण मिळाली, तर तिचा अर्थ ‘दाब अपुरा’ एवढाच होय. कारण शोधणें शिल्लकच राहतें.

प्रथम एंजिन बंद करून पूर्ण निवूं द्यावें. मग प्रत्येक नळी हातानें चाचपावी, वाकवून खालची बाजूही पाहावी. सांध्याशीं तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तेथें संशय घ्यावा. टर्बोचा दाब आवरणाऱ्या बारीक नळ्याही पाहाव्या. त्यांतील लहानशी चीरही तोच त्रास देते. कित्येक चिरा दाबाखालींच उघडतात. उभ्या गाडींत त्या दिसत नाहींत. त्यासाठीं मिस्त्र्याकडून दाबाची परीक्षा करवावी. एंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाशीं बूच बसवावयाचें, एंजिनच्या पोटांतून येणारी वाफेची नळी वेगळी बंद करावयाची, आणि हळूहळू हवा भरावयाची. दाब दर चौरस इंचास १५ पौंडांहून अधिक नसावा. नंतर सांध्यांवर साबणाचें किंवा रिठ्याचें पाणी लावावें. पंक्चर काढणारा बुडबुडे पाहून भोंक शोधतो, तसेंच येथेंही बुडबुडे ठिकाण दाखवितात. इंटरकूलरही ह्याच परीक्षेंत तपासला जातो.

दुरुस्ती बहुधा सोपी असते. क्लिप ढिली असेल तर सांधा काढून, आंतील तेल स्वच्छ पुसून, नळी पुरी बसवून ती आवळावी. अति आवळल्यास रबर कापलें जातें. सांध्यांत रबरी कडें असेल तर तें नवें घालावें. चिरलेली नळी मात्र बदलावीच. चिकटपट्टी किंवा लुकण दाब व उष्णता ह्यांपुढें टिकत नाहीं. सिलिकोनची नळी घेतांना आंतून तेल सोसणारें अस्तर आहे ना, हें विचारावें. काम झाल्यावर तीच परीक्षा पुन्हां करवावी.

एवढें करूनही दाब अपुराच राहिला, तर मग टर्बोकडे वळावें. दांड्यास खेळ आहे काय, पातीं झिजलीं आहेत काय, हें पाहून मगच मोठा खर्च मान्य करावा. वैद्य रोग्याची नाडी पाहतो आणि मगच शस्त्रक्रियेचें नांव काढतो. मोटारीच्या बाबतींतही तपासणीचा क्रम हाच असला पाहिजे, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्या गृहस्थाचा आहे.